शंभर पाण्यांचं तूप

मी दुसरी पास आहे. तिसरीत नाव घातलं होतं, पण घरच्या म्हशींना माझी जास्त गरज पडली. तरी सही येते. लग्न होऊन यवतला आले तेव्हापासून मी एकाही कागदावर अंगठा उठवलेला नाही. सोसायटीत, बँकेत, पंचायतीत कोणी शाईचा डबा पुढं सरकवला की मी तो मागं सरकवते आणि म्हणते, ‘पेन द्या.’ माझी सही जरा वेळ खाते. तुळजाबाईतला ‘ळ’ मला दर वेळी नव्यानं जुळवावा लागतो. मागं रांग थांबते. थांबू द्या.

त्यामुळं शिरूरच्या कचेरीतल्या कारकुनानं काचेची डबी पुढं केली आणि “आजी, अंगठा,” म्हणाला, तेव्हा माझं टाळकं फिरलं.

“मी सही करती.”

“सही नंतर. आधी अंगठा मशीनवर. आता सगळ्यांनाच लागतो, आजी. कलेक्टर आला तरी लागतो.”

“मग कलेक्टर आला की त्याचा घे.”

शेजारी माझी सून सविता उभी होती. तिनं माझा पदर हळूच ओढला. तिच्याकडं बघून मी हात पुढं केला, कारण आलो होतो तिच्याच कामाला.

माझा इंद्रजीत गेला त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हापासून सविता कुरकुंभला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जाते, कधी सकाळची शिफ्ट, कधी दुपारची. पोरीला, वैष्णवीला, तिनंच कॉलेजात घातलं. माझ्या स्वतःच्या मालकीचं म्हणावं असं एकच आहे, वडगाव रासाईला भीमेच्या काठी माझ्या बापाच्या जमिनीतला माझा वाटा. सातबाऱ्यावर मी आणि माझा धाकटा भाऊ सावळाराम. मी डोळे मिटले की तो वाटा सावळारामाचा पोरगा संपत गुपचूप नांगरून टाकणार आणि सविता बांधावर उभी राहून बघणार, हे मला लख्ख दिसत होतं. म्हणून बक्षीसपत्र करायचं ठरवलं. सावळारामाची संमती लागत होती, ती त्यानं तोंडी दिली. मनानं गरीब आहे तो. पण ज्याच्या शेजारी बसेल त्याच्यासारखं बोलतो, आणि घरी तो संपतच्या शेजारी बसतो.

तर मी अंगठा टेकवला. मशीन लाल झालं. परत टेकवला. परत लाल. कारकुनानं माझा हात उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

“आजी, रेषाच न्हाईत की. कोरडा ठाक पडलाय. सालं निघाल्यात.”

“आयुष्यभर राखंनं भांडी घासल्यात. तुझ्यासारखी बटनं न्हाई दाबली.”

“दुसरा अंगठा लावू का?” सवितानं विचारलं.

“बायकांचा उजवाच लागतो कागदाला.” तो मान हलवत म्हणाला, “पुढच्या आठवड्यात या. हाताला कायतरी लावा तवर. न्हाईच उठला तर डॉक्टरचा दाखला, सायबांची परवानगी… मग बघू. त्याला किती दिवस लागतील, मला सांगता यायचं न्हाई.”

खुर्चीत मागं संपत बसला होता. त्याच्या मिशीखालचं हसू मी पाठीनं ओळखलं. बाहेर आल्यावर सावळाराम म्हणाला, “असू दे आक्का. निवांत करू. घाई कशाला?”

‘निवांत’ हा शब्द माझ्या भावाचा नाही. त्याला जेवायचीसुद्धा घाई असते. तो शब्द त्याच्या तोंडात कोणी ठेवला ते मला कळलं. आठवड्याचं चालेल, पण महिन्या-दोन महिन्यांवर गेलं तर त्याची संमती विरघळायला वेळ लागणार नाही, हेही कळलं.

आता मला हाताच्या कोरडेपणाचं कोणी शिकवायचं म्हणजे जरा जास्तच झालं. यवतात कोणाची टाच फुटू दे, ओठ तडकू देत, थंडीत पोराचे गाल खरखरीत होऊ देत, बाया माझ्या ओट्यावर येतात. मेडिकलमधली नळी आणतात, तिच्यावर बाईचं चित्र असतं, त्या चित्रातल्या बाईची टाच कधी फुटलेलीच नसते. मी सांगते, नळी ठेव बाजूला. आंघोळीचं पाणी कोमट घे, अंगातून वाफा निघतील असलं नको. साबणाऐवजी डाळीचं पीठ आणि दुधावरची साय. अंग पुरतं कोरडं करू नको, ओलसर असतानाच खोबरेल चोळ. आणि जिथं भेग आहे तिथं धुतलेलं तूप.

धुतलेलं तूप म्हणजे काय ते नव्या पोरींना माहीत नसतं. काशाच्या ताटात घरचं साजूक तूप घ्यायचं, त्यावर गार पाणी ओतायचं आणि तळहातानं गोल गोल फेटायचं. पाणी गढूळ झालं की ओतून द्यायचं, नवं घ्यायचं. असं शंभर वेळा. मोजायला कोणी बसत नाही. हात भरून आला, चार गोष्टी बोलून झाल्या, कोणाच्या तरी सुनेची निंदा करून झाली की समजायचं, शंभर झालं. तूप पांढरं होतं, हलकं होतं, वास जातो, आणि कातडीवर ठेवलं की आत जिरतं. चिकट राहत नाही.

सविताचे हात याच तुपानं बरे केले होते मी. कंपनीत दिवसभर रबरी हातमोजे, आत घाम, वरून सारखं स्पिरीटनं पुसायचं. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या, भाकरी थापताना पीठ झोंबायचं तिला. दिवाळीनंतर रोज तूप लावून, वर जुन्या सुती साडीची चिंधी गुंडाळून निजवली तिला. संक्रांत तोंडावर आली तोवर हात नीट झाले.

म्हणून मी शिरूरहून येता येताच ठरवलं, आठवडा म्हणजे भरपूर झाला. घरी आले आणि तूप फेटायला बसले.

आमचे मालक हौसराव ओट्यावर बसून बघत होते. (नाव घेते मी. घेतल्यानं काही त्यांचं आयुष्य कमी झालेलं दिसत नाही.)

“काय म्हणलं मशीन?”

“म्हणलं, बाईनं लई काम केलंय, रेषा झिजल्या. पुरुषांच्या उठत्यात म्हणं. झिजायचं कारणच न्हाई.”

त्यांनी पेपर तोंडापुढं धरला.

भांडी सवितानं काढून घेतली. राख आणि घासणी मी हातात धरली नाही. हात कोमट पाण्यात बुडवायचा, टिपायचा, तूप लावायचं, रात्री चिंधी बांधायची. दोन-तीन दिवसांत तळहात मऊ झाला. बोटं गुळगुळीत झाली. मला माझाच हात अनोळखी वाटायला लागला, आयतं बसून खाणाऱ्या बाईचा असावा तसा.

मग मी रेशनच्या दुकानात गेले. तिथंही अंगठ्याचं मशीन असतं. दुकानदाराला म्हटलं, बघ बरं उठतोय का. त्यानं मशीन पुढं केलं. अंगठ्याशेजारचं बोट लावलं, हिरवा दिवा. मधलं बोट, हिरवा. मी विजयी होऊन अंगठा टेकवला.

लाल.

“पुसून लावा, तेलकट असंल.”

पुसून लावला. लाल. पदरानं घासला, फुंकर मारली. लाल. मागच्या बाईनं आवाज दिला, “अवो, आवरा की!” मी तिला मागं वळून असं बघितलं की तिनं पिशवीत तोंड घातलं. पण घरी येताना मी सारखी हाताकडंच बघत होते. बाकीची बोटं सुधारली आणि जे पाहिजे तेच सुधारेना. एकाच हाताला, एकाच ताटातलं तूप. अंगठ्यानं काय पाप केलं होतं?

सविताला मी काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. त्या पोरीनं जमिनीचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. मला वाटायचं, हिला काही पडलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बानू आली. बानू म्हणजे इमामभाईंची बायको. बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान आहे, पण संक्रांतीला ती माझ्याकडं घरी येते, मी दुकानात जात नाही. सविताची शिफ्ट दुपारची होती, म्हणून ती घरात होती. मी हात पुढं केला. बानूनं तो दाबला आणि तिचे डोळे मोठे झाले.

“अगंबया, तुळजाक्का! हात तर लोण्यावानी केलास. दरवर्षी तुझ्या हातात बांगडी चढवायची म्हंजी मला घाम फुटतो. कुणासाठी एवढं?”

“सरकारसाठी.”

ती हसली. बांगडी चढवायला तिनं माझा अंगठा आत मुडपला आणि थांबली. अंगठा तिनं नखाकडून बघितला, पेराकडून बघितला.

“ह्यो एकटाच असा का गं? बाकी हात लोणी, आन् ह्यो भिताडावानी पांढरा. भेगा भरल्यात कशानं तरी. काय लावतीस याला?”

“तूप लावती. दुसरं काय लावणार?”

“तूप असं पांढरं ऱ्हात न्हाई कोरडं.”

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून फिसकन आवाज आला. सविता. तोंडावर हात धरला होता तिनं, पण हसू सुटून गेलं होतं. मग घाबरली.

“काय झालं गं दात काढायला?”

“काय न्हाई, आई.”

“बोल. न्हाईतर बांगड्या हिच्या डोक्यात घालीन.”

“माझ्या का?” बानू म्हणाली.

सविता दाराला धरून उभी राहिली. जमिनीकडं बघत म्हणाली, “तूप तुम्ही रातचं लावता. आन् दिवसभर त्याच अंगठ्यानं चुना चोळता.”

मी माझ्या कमरेला हात लावला. चंची तिथंच होती. पन्नास वर्षं तिथंच आहे. डाव्या तळहातावर तंबाखू, त्यावर चुन्याचं बोट, आणि उजव्या अंगठ्यानं मळायचं. सकाळी उठल्यावर, चहानंतर, जेवणानंतर, कोणी आलं की, कोणी गेलं की. मला ते दिसतच नव्हतं. श्वास घेतलेला दिसतो का कोणाला? भिंतीला लावायचा चुना मी दिवसभर त्या अंगठ्यात जिरवत होते आणि रात्री त्याच्यावर शंभर पाण्यांचं तूप चढवत होते.

बानू डोक्यावरचा पदर तोंडात धरून हसत सुटली. “चुन्यानं तर भिंतसुदिक फुटती, तुळजाक्का!”

“गप गं.” मी सविताकडं वळले. “तुला कवापासून ठावं हाय हे?”

“पहिल्यापासनं.”

“आन् गप बसलीस? निम्मा आठवडा गेला की!”

तेव्हा ती पोरगी पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघून बोलली. “जमीन माझ्या नावावर व्हायची हाय. मी म्हणले असते, तंबाखू सोडा, तर तुम्ही म्हणाला असता, हिला लई घाई झालीया.”

मी अगदी असंच म्हणाले असते, याच शब्दांत, आणि शेजारणीला सांगितलंही असतं.

“मग सोड तंबाखू,” बानू म्हणाली.

“मला तंबाखू सोड म्हणणारी अजून जन्माला यायचीय.”

“मी साठीला आली, जन्मून बी झालं.”

बानू गेल्यावर मी डाव्या अंगठ्यानं मळून बघितलं. अर्धी तंबाखू पदरात, अर्धी ओट्यावर. चुना बांगडीला. चार वाजले आणि डोकं दुखायला लागलं. घरात भांडं जरी वाजलं तरी अंगावर धावून जात होते.

हौसरावांनी पेपर खाली ठेवला. हात पुढं केला.

“आण ती चंची हिकडं.”

“कशाला?”

“आण म्हंतो ना.”

या माणसानं मला जन्मात पाण्याचा तांब्या भरून दिलेला नाही. जेवायला बसल्यावर मीठ समोर असलं तरी ‘मीठ’ म्हणून हाक मारतात. त्यांनी तळहातावर तंबाखू घेतली, चुना घेतला, आणि मान खाली घालून मळायला लागले. देव पूजत असल्यासारखे. मळून झाल्यावर माझ्यापुढं धरली.

मी चिमूट तोंडात टाकली. “चुना जास्त झालाय.”

“मग मळ तुझी तू.”

“ऱ्हाऊ द्या. बरी हाय.”

बरी नव्हती. जीभ भाजली. पण मी परत मागितली, आणि त्यांनी परत मळली. खरं सांगायचं तर दर वेळी नवऱ्यापुढं हात पसरायचा म्हणजे जिवावर यायचं, म्हणून तंबाखू आपोआप निम्म्यावर आली. डाव्या तळहातालाही सुख लागलं. आणि अंगठ्यानं तूप प्यायला सुरुवात केली. वरचं पांढरं गेलं, मग खपली गेली, मग खालून कोवळी कातडी आली. वैष्णवीनं मोबाइलच्या उजेडात बघितलं आणि ओरडली, “आज्जी, रेषा! गोल गोल!” मी पण बघितल्या. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. इतकी वर्षं त्या माझ्याजवळ होत्या.

ठरल्या दिवशी गाडी करून आम्ही निघालो. हौसराव, मी, सविता. चौफुल्याला उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता, पारगावचा पूल ओलांडेपर्यंत ऊन वर आलं. वडगाव रासाईत सावळारामाला घ्यायचं होतं. तो रस्त्यावर नव्हता. संपत दारात उभा.

“आत्या, आबांना यायला जमायचं न्हाई. बरं न्हाई त्यास्नी.”

“काय होतंय?”

“असंच. निवांत बघू पुढच्या महिन्यात.”

परत निवांत. मी त्याला बाजूला सारून आत गेले. सावळाराम खाटेवर बसला होता, ताप नाही, खोकला नाही, पुढ्यात चहा.

“काय रे, काय झालं तुला?”

“पाय गं आक्का. थंडीनं टाचा फुटल्यात. रक्त येतंय. वहाण घालवंना, चालवंना.” आणि मग लहानपणी बोलायचा तसं पडेल आवाजात, “संपत म्हणला, नको जाऊ.”

मी टाचा बघितल्या. भेगांत बोटभर माती. आजार खोटा नव्हता, संपतला तो फक्त वेळेवर सापडला होता. मी तोंड उघडणार तोच सविता माझ्या शेजारून पुढं झाली. तिनं संपतच्या बायकोकडं कोमट पाणी मागितलं, मामांचे पाय घमेल्यात बुडवले, चिंधीनं माती काढली, टिपले. पिशवीतून तुपाची डबी काढली. माझ्या अंगठ्यासाठी ठेवलेलं तूप तिनं भेगांत भरलं, वर सुती पट्टी गुंडाळली आणि हौसरावांचे मोजे मागून घेतले. मालकांनी गाडीत बसूनच काढून दिले. आठवडा विलक्षण चालला होता त्यांचा.

“बघा मामा, उभं ऱ्हाऊन.”

सावळाराम उभा राहिला. एक पाऊल टाकलं. “गार वाटतंय गं.”

“चल मग गाडीत,” मी म्हटलं. “संपत, तू बी चल. न्हाईतर तुला घरी करमायचं न्हाई.”

तो आला. काय करणार?

कचेरीत तोच कारकून. मी आधीच नळावर हात डाळीच्या पिठानं धुतला होता, तुपाचा अंश ठेवला नव्हता, आणि कोऱ्या फडक्यानं पुसला होता. त्यानं काचेची डबी पुढं केली. सविता माझ्या मागं उभी होती. तिच्या बांगड्या आवाज करत नव्हत्या, म्हणजे तिनं मनगट घट्ट धरलं असणार.

मी अंगठा टेकवला.

लाल.

संपत खुर्चीत सावरून बसला.

“आजी, गार पडलाय हात. तोंडाजवळ धरा, वाफ सोडा. हां. आता लावा. दाबू नका, नुस्ता ठेवा.”

मी नुसता ठेवला. आयुष्यात मी कुठलीही गोष्ट नुसती ठेवलेली नाही, दाबूनच बसवली आहे. पण ठेवला.

मशीन टुणकन वाजलं. हिरवं.

माझ्या मागून कोणीतरी इतका लांब श्वास सोडला की माझ्या मानेवरचे केस हलले. सावळारामानं टाळी वाजवली, कचेरीत. मग त्यानं त्याच्या संमतीखाली सही ठोकली, जेवायला बसतो तशी घाईनं. संपत पाणी प्यायला बाहेर गेला.

“झालं, आजी,” कारकून म्हणाला.

“झालं कसं? सही कुठं करायची?”

त्यानं पेन दिलं. मी सावकाश सही केली. ‘ळ’ पहिल्याच झटक्यात जमला.

संध्याकाळी घरी आलो. सवितानं चूल पेटवली, मालकांनी चंची उघडून मळायला घेतली, मी न सांगता. मी ओट्यावर पाय पसरले. अंगातला ताठा कुठं तरी गेला होता, हलकं वाटत होतं. थोड्या वेळानं सविता काशाचं ताट आणि तूप घेऊन माझ्या पुढ्यात येऊन बसली. माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि अंगठा चोळायला लागली.

“आता कशाला? काम झालं की.”

“असू द्या,” ती मान वर न करता म्हणाली. “उद्या तुमचं डोकं फिरलं, जमीन माघारी पायजे म्हणलात, तर अंगठा उठाया नको?”

हौसराव इतके हसले की मळलेली तंबाखू सगळी सांडली.

“बघितलं का?” मी त्यांना म्हटलं. “सातबाऱ्यावर नाव चढायच्या आधी जीभ आली हिला.”

पण हात मी काढून घेतला नाही.